पडद्यावरची रेघ

ठाणे शहराच्या मुलुंडकडील बाजूस वागळे इस्टेट नावाची मोठी औद्योगिक वसाहत आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली येथे एक साधा समारंभ झाला आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला. पुढे राज्यात ठिकठिकाणी ज्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, त्यांची वाट या वसाहतीने दाखविली. येथील कित्येक रस्त्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत. रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस असे म्हटले की तेथील माणसास नेमके ठिकाण कळते. आज अनेक जुन्या कारखान्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती झाल्या आहेत. तरी यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या लहान लहान यंत्रशाळांची घरघर अजूनही तेथे ऐकू येते.

या वसाहतीला लागून किसननगर ही दाट वस्ती आहे. तेथे सातवीत शिकणारी एक मुलगी आपल्या आजोबांजवळ राहते असे आपण समजू. आजोबांचे उभे आयुष्य वागळे इस्टेटमधील एका यंत्रशाळेत आरेखकाचे काम करण्यात गेले. आरेखक म्हणजे यंत्रांच्या भागांची मापशीर चित्रे काढणारा कारागीर. कारागिराने लेथवर लोखंड चढविण्यापूर्वी, त्या लोखंडाचे काय व्हावयाचे आहे हे आरेखकाने कागदावर रेखाटलेले असते.

आजोबांच्या तरुणपणी हे काम हातानेच होत असे. उतरत्या फळीच्या टेबलावर कागद ताणून बसवावयाचा, टी-स्क्वेअर, गुण्या आणि कंपास यांच्या साहाय्याने पेन्सिलीने आकृती काढावयाची, मग तीवर अर्धपारदर्शक कागद ठेवून शाईने ती पुन्हा गिरवावयाची. या शाईच्या मूळ आकृतीस ट्रेसिंग म्हणत. ट्रेसिंग कधीही यंत्रावर जात नसे. रसायन लावलेल्या कागदावर ते ठेवून त्यातून प्रखर प्रकाश सोडीत. जेथे शाईची रेघ प्रकाश अडवी, तेथील रसायन शाबूत राही आणि अमोनियाची उग्र वासाची वाफ लागताच ते गडद होऊन रेघ उमटे. अशी तयार झालेली प्रिंट कारागिराच्या हाती जाई. तिला तेलाचे डाग पडत, घड्यांवर ती फाटे, लोखंडाच्या किसाने तिला भोके पडत. पण त्याचे कोणी दुःख करीत नसे. कपाटातील ट्रेसिंग सुरक्षित असले म्हणजे हव्या तितक्या नव्या प्रिंट काढता येत.

आता ही उतरती टेबले बहुतेक ठिकाणांहून गेली. त्यांची जागा संगणकाने घेतली आणि पेन्सिलीच्या जागी हातात माऊस आला. शाळेच्या विज्ञानप्रदर्शनासाठी त्या मुलीने एक छोटी आज्ञावली लिहावयाचे ठरविले. पडद्यावर एक रिकामी चौकट उघडावी आणि माऊसने तिच्यात रेघा काढता याव्यात, एवढेच तिला हवे होते. काम सोपे दिसत होते. परंतु माऊस चित्र काढतो ही आपली समजूत खरी नाही, हे तिला पहिल्याच दिवशी कळून आले.

मग माऊस करतो तरी काय? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डग्लस एंगेलबार्ट नावाच्या संशोधकास ही कल्पना सुचली आणि १९६४ साली त्याचा सहकारी बिल इंग्लिश याने पहिला माऊस तयार केला. तो लाकडाचा एक ठोकळा होता. त्याच्या तळाशी एकमेकींशी काटकोन करणारी दोन चाके बसविली होती. ठोकळा आडवा सरकविला की एक चाक फिरे, उभा सरकविला की दुसरे. तिरका सरकविला तर दोन्ही फिरत. कोणते चाक किती फिरले यावरून ठोकळा कोणत्या दिशेस किती सरकला, हे संगणकास कळे. शेपटीसारख्या तारेमुळे या साधनास माऊस, म्हणजे उंदीर, हे गमतीचे नाव मिळाले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्टने भरसभेत त्याचे प्रात्यक्षिक करून दाखविले. आजच्या माऊसमध्ये चाके नाहीत. त्याच्या पोटात एक इवलासा दिवा आणि एक इवलासा कॅमेरा असतो. कॅमेरा टेबलाच्या पृष्ठभागाची छायाचित्रे सेकंदाला हजारांहून अधिक वेळा घेतो, आणि एका छायाचित्रातील खुणा पुढच्या छायाचित्रात किती सरकल्या हे पाहून हालचाल मोजली जाते.

तेव्हा माऊस केवळ 'इतके उजवीकडे सरकलो, इतके खाली सरकलो' असे सांगत असतो. आपण टेबलावर कोठे आहोत हे त्यास ठाऊक नसते. याची खात्री तुम्ही स्वतः करून पाहू शकाल. माऊस अलगद वर उचला आणि वीतभर दूर नेऊन ठेवा. पडद्यावरचा बाण जवळजवळ जागच्या जागीच राहिलेला तुम्हांस आढळेल. बाण कोठे आहे याचा हिशेब संगणक ठेवतो. माऊस फक्त वर्दी देतो.

आता पडद्याकडे वळू. दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात, ती तुम्ही पाहिलीच असेल. संगणकाचा पडदा म्हणजे अतिशय दाट ठिपक्यांची रांगोळीच होय. पुष्कळ पडद्यांवर आडव्या ओळीत १९२० ठिपके असतात आणि अशा १०८० ओळी असतात. म्हणजे एकूण ठिपके २० लाख ७३ हजार ६०० झाले. प्रत्येक ठिपक्यास दोन आकड्यांचा पत्ता असतो. डाव्या कडेपासून तो कितवा, हा पहिला आकडा. आणि वरच्या कडेपासून त्याची ओळ कितवी, हा दुसरा. वागळे इस्टेटमध्ये रस्त्याचा क्रमांक आणि भूखंडाचा क्रमांक सांगितला म्हणजे टपालवाला जसा अचूक दारात पोहोचतो, तसाच या दोन आकड्यांनी संगणक नेमक्या ठिपक्यावर पोहोचतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. गणिताच्या तासाला आलेख काढताना आपण वर जाऊ तसा दुसरा आकडा वाढतो. पडद्यावर बहुधा खाली जाऊ तसा तो वाढतो. त्या मुलीने काढलेला पहिला डोंगर यामुळेच दरीसारखा उलटा दिसला होता.

रेखाटन करताना आज्ञावलीकडे तीन प्रकारच्या वर्द्या येतात. पहिली, बटण दाबले गेले. दुसरी, माऊस हलला. तिसरी, बटण सोडले गेले. प्रत्येक वर्दीबरोबर बाणाचा त्या वेळचा पत्ता येतो. पेन्सिलीचे टोक कागदाला टेकले आहे की नाही हे आपल्या बोटांना आपोआप कळते. आज्ञावलीस ते लक्षात ठेवावे लागते. पहिली वर्दी येताच तिने मनाशी टिपावयाचे की 'टोक टेकले', आणि तिसरी वर्दी येताच टिपावयाचे की 'टोक उचलले'. माऊस हलल्याची वर्दी आली की टोक टेकलेले आहे काय, हे आधी पाहावयाचे. टेकलेले असेल तरच ठिपका रंगवावयाचा. नसेल तर काही करावयाचे नाही. एवढे न पाहिल्यास काय होईल? माऊस सहज सरकविला तरी पडदाभर रेघोट्या उमटत राहतील.

मुलीने ही व्यवस्था केली आणि हात सावकाश फिरविला. सुरेख वळणदार रेघ उमटली. तिने मोठ्या आनंदाने हात भरभर फिरविला. तो काय, रेघेच्या जागी सुटे सुटे ठिपके! जणू रांगोळीच्या चिमटीतून पूड मध्येच थांबली होती. याचे कारण साध्या हिशेबाने कळते. सामान्य माऊस सेकंदाला सुमारे १२५ वेळा वर्दी देतो. हाताने अर्ध्या सेकंदात १००० ठिपक्यांचे अंतर कापले, तर तेवढ्या वेळात सुमारे ६२ वर्द्या येतील आणि लागोपाठच्या दोन वर्द्यांमध्ये सुमारे १६ ठिपक्यांचे अंतर पडेल. मधल्या ठिपक्यांची वर्दी येतच नाही; मग ते कोणी रंगवावे? उपाय असा की, मागच्या वर्दीचा पत्ता आज्ञावलीने जपून ठेवावा आणि नवी वर्दी येताच मागच्या ठिपक्यापासून नव्या ठिपक्यापर्यंत सरळ रेघ ओढावी. हे तुकडे इतके लहान असतात की डोळ्यांना सारी रेघ अखंड वळणाची वाटते.

पण सरळ रेघ तरी ठिपक्यांच्या पडद्यावर कशी ओढावयाची? समजा, एका ठिपक्यापासून ८ घरे उजवीकडे आणि ३ घरे खाली असलेल्या ठिपक्यापर्यंत रेघ न्यावयाची आहे. खरी रेघ ठिपक्यांच्या मधूनच जाईल. आपल्याला तिच्या जवळात जवळचे ठिपके निवडावयाचे आहेत. जॅक ब्रेझेनहॅम नावाच्या तंत्रज्ञाने यासाठी एक सोपी युक्ती शोधून काढली. संगणकास जोडलेल्या रेखायंत्रासाठी, म्हणजे कागदावर कलमाने रेघा काढणाऱ्या यंत्रासाठी, ती १९६२ साली वापरात आली; म्हणजे ज्या वर्षी वागळे इस्टेटमध्ये तो समारंभ झाला, त्याच वर्षी. युक्ती अशी : शिल्लक शून्य धरा. दर पावलास एक घर उजवीकडे सरका आणि शिलकेत ३ मिळवा. शिल्लक ८ च्या निम्म्याइतकी, म्हणजे ४ किंवा अधिक झाली, की एक घर खाली उतरा आणि शिलकेतून ८ वजा करा.

चौकटीच्या वहीत हे करून पाहा. पहिल्या पावलास शिल्लक ३ होते, म्हणून खाली उतरावयाचे नाही. दुसऱ्या पावलास ती ६ होते. उतरा, शिल्लक उणे २ राहिली. तिसऱ्यास १. चौथ्यास ४, पुन्हा उतरा, शिल्लक उणे ४. पाचव्यास उणे १, सहाव्यास २. सातव्यास ५, तिसऱ्यांदा उतरा, शिल्लक उणे ३. आठव्यास शिल्लक बरोबर शून्य आणि आपण मुक्कामाच्या ठिपक्यावर! यात गुणाकार नाही, भागाकार नाही, अपूर्णांक तर नाहीतच. बेरीज आणि वजाबाकी एवढ्यावरच रेघ पूर्ण होते. रेघ जास्त तिरपी असेल, म्हणजे उजवीकडच्या घरांपेक्षा खालची घरे अधिक असतील, तर हाच हिशेब उभ्या दिशेने करावयाचा.

हाताने फिरविलेली रेघ अशी साधली. परंतु मुलीला आजोबांसारखी मापाची आकृतीही काढावयाची होती, आणि तिच्यात सरळ रेघाच फार. सरळ रेघ काढण्याची रीत निराळी आहे. सुतार लाकडावर खूण करताना काय करतो ते आठवा. रंगात बुडविलेला दोरा तो एका टोकाला पक्का धरतो, दुसरे टोक इकडेतिकडे सरकवून पाहतो, आणि मनाजोगी जागा मिळाली की दोरा ताणून, किंचित उचलून सोडून देतो. टप्प कन रेघ उमटते. पडद्यावरही असेच करतात. बटण दाबले तेथे दोऱ्याचे पहिले टोक. बटण दाबून धरून माऊस हलविला की दर वर्दीस जुनी रेघ पुसावयाची आणि पहिल्या टोकापासून बाणापर्यंत नवी रेघ दाखवावयाची. ही रेघ अजून कच्ची आहे. बटण सोडले की ती पक्की झाली. पुसणे आणि काढणे इतक्या झटपट होते की पाहणाऱ्यास दोरा ताणल्याचाच भास होतो.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी मुलीने या रीतीने एक आकृती पूर्ण केली. घरात टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून आजोबा एक चौकोनी पोलादी पट्टी ठेवीत. तिच्या चार कोपऱ्यांत चार भोके होती. त्या पट्टीचेच चित्र तिने मोठ्या कष्टाने रेखाटले होते. आजोबांना बोलावण्यापूर्वी तिने ती चौकट घडी करून पडद्याच्या खालच्या पट्टीत ठेवली. आजोबा आले. तिने चौकट पुन्हा उघडली. चौकट पांढरीफटक होती. एकही रेघ शिल्लक नव्हती.

"आजोबा, सगळे पुसले गेले!" ती रडकुंडीस येऊन म्हणाली.

आजोबांना संगणकाची फारशी माहिती नव्हती. त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "मूळ कोठे ठेवले होतेस, बाळ?"

"मूळ? ते येथेच तर होते, पडद्यावर!"

"पडदा ही प्रिंट झाली. ट्रेसिंग कोठे आहे?"

मुलीला उत्तर सुचेना. कारण ट्रेसिंग तिने केलेच नव्हते. वर्दी आली की ती ठिपके रंगवीत होती आणि लगेच विसरत होती. वस्तुतः पडदा कोणाच्या मालकीचा नसतो. त्यावर आता एक चौकट असते, घटकेने दुसरी येते. एखादी चौकट घडी केली, लहानमोठी केली आणि पुन्हा उघडली, की संगणक तिच्या आज्ञावलीला एवढेच कळवितो : 'तुझी चौकट नव्याने रंगव.' काय रंगवावयाचे ते आज्ञावलीनेच सांगावे लागते. तिच्याजवळ काही टिपून ठेवलेले नसेल, तर कोऱ्या चौकटीशिवाय ती काय दाखविणार?

मग आजोबांनी ती पोलादी पट्टी तिच्या हाती दिली. "हिची गोष्ट तुला कधी सांगितली नाही," ते म्हणाले. "मी कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. या भोकांमधले अंतर ब्याऐंशी मिलिमीटर हवे होते. माझ्या ट्रेसिंगवर चुकून ऐंशी पडले. काम चालू असतानाच एका कारागिराच्या ते लक्षात आले. मी घाईघाईने त्याच्या हातातल्या प्रिंटवर पेनाने आकडा दुरुस्त केला. त्या खेपेचा माल बरोबर निघाला आणि मी ती गोष्ट विसरून गेलो. ट्रेसिंग काही दुरुस्त केले नाही. सहा महिन्यांनी त्याच मालाची पुन्हा मागणी आली. कपाटातून ट्रेसिंग काढले, नव्या प्रिंट निघाल्या, आणि चाळीस पट्ट्यांना ऐंशीच्या अंतराने भोके पडली. एकाही पट्टीत बोल्ट जाईना. भोके पाडणाऱ्याला सर्वांनी आधी बोल लावले. त्याने मुकाट्याने प्रिंट पुढे केली. तिच्यावर ऐंशीच लिहिले होते. सगळ्या पट्ट्या भंगारात गेल्या. ही एक मी घरी आणली."

मुलगी बराच वेळ पट्टी हातात धरून बसली. मग तिने आज्ञावली मोडली आणि नव्या रीतीने लिहावयास घेतली.

नवी रीत अशी होती. आज्ञावलीच्या स्मृतीत तिने एक वही केली. बटण सोडून रेघ पक्की झाली की ती पडद्यावर काढावयाची नाही, तर वहीत लिहावयाची : आरंभीचा पत्ता, शेवटचा पत्ता, रंग आणि जाडी. हाताने फिरविलेली रेघ असेल तर तिचे सारे बिंदू क्रमाने लिहावयाचे. वर्तुळ असेल तर त्याचा मध्य आणि त्रिज्या. मग संगणकास सांगावयाचे की चौकट नव्याने रंगवा. रंगविण्याचे काम एकाच जागी होई. तेथे वही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली जाई आणि तिच्याबरहुकूम चित्र उमटे. चौकट कितीदाही घडी केली, कितीदाही उघडली, तरी दर वेळी वहीवरून नवी प्रिंट निघू लागली.

या वहीमुळे आणखी काही सोयी आयत्याच हाती आल्या. शेवटची रेघ चुकली तर रबराने खरडावयास नको. वहीतील शेवटची नोंद काढून टाकली आणि चौकट पुन्हा रंगविली की झाले. आकृती दुप्पट मोठी पाहावयाची असेल तर सगळे आकडे दुपटीने वाचावयाचे. येथे एक भेद समजून घेणे अवश्य आहे. चित्र दोन प्रकारांनी स्मरणात ठेवता येते. एका प्रकारात प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवतात. कुंचल्याने रंग भरल्यासारखी चित्रे काढावयाची असतील तर हा प्रकार चांगला. पण असे चित्र पुष्कळ मोठे केले की ठिपके चौकोनी विटांसारखे दिसू लागतात आणि तिरप्या रेघेच्या पायऱ्या होतात. दुसऱ्या प्रकारात रेघ कोठून कोठपर्यंत आहे, एवढेच लिहितात. ती कितीही मोठी केली तरी ब्रेझेनहॅमची युक्ती नव्या मापाने पुन्हा चालवून स्वच्छ रेघ मिळते. अमेरिकेतील आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने १९६३ साली संगणकावर रेखाटन करण्याची 'स्केचपॅड' नावाची आज्ञावली केली, तीत हा दुसराच प्रकार होता. त्या वेळी त्याच्या हातात माऊस नव्हता, प्रकाशाची लेखणी होती. परंतु बिंदू आणि रेघा स्मृतीत राखावयाच्या आणि पडद्यावर त्यांची केवळ प्रतिमा दाखवावयाची, हे तत्त्व त्याने त्याच वेळी अमलात आणले होते. आज यंत्रशाळांतील आकृत्या याच रीतीने ठेवल्या जातात. संगणकाच्या हुकमाने चालणारी यंत्रे तेच आकडे घेऊन पोलाद कापतात. म्हणून पडद्यावर आकृती ठीक दिसते एवढ्यावर कोणी समाधान मानीत नाही. वहीत काय लिहिले आहे ते पाहतात.

मुलीलाही याचा अनुभव लगेच आला. तिने पुन्हा पट्टीचे चित्र काढले. या वेळी तिने एका मिलिमीटरला पाच ठिपके असे प्रमाण धरले होते. दोन भोकांचे अंतर ४१० ठिपके हवे होते. डोळ्यांनी पाहता ते अगदी बरोबर दिसत होते. पण वही वाचली तर ४०७ भरले. हात किंचित कापला होता. यावरही उपाय आहे. आज्ञावलीने बाणाचा पत्ता जसाच्या तसा न लिहिता जवळच्या दहाच्या पटीत आणून लिहावयाचा. ४०७ आला तर ४१०, आणि ४०३ आला तर ४००. जणू पडद्यावर अदृश्य जाळी पसरली आहे आणि प्रत्येक टोक जवळच्या गाठीला जाऊन चिकटते. मात्र जाळी किती दाट ठेवावयाची हे कामाचे माप पाहून ठरवावे लागते. ते माऊस ठरवू शकत नाही.

शेवटी एक काम उरले होते. संगणकाची चालू स्मृती वीज असेपर्यंतच टिकते. वीज गेली की वहीही गेली. म्हणून मुलीने वहीतील सगळ्या ओळी एका फाइलमध्ये उतरवून ठेवण्याची सोय केली. हे झाले ट्रेसिंगचे कपाट.

प्रदर्शनाच्या दिवशी आजोबा तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. तिने पट्टीची आकृती उघडून दाखविली, घडी केली, पुन्हा उघडली. आकृती जागच्या जागी होती. आजोबांनी हळूच विचारले, "आता एखादे माप चुकलेले आढळले, तर दुरुस्त कोठे करशील?"

"वहीत," ती म्हणाली, "पडद्यावर नाही."

आजोबांनी मान हलविली आणि खिशातून ती जुनी पोलादी पट्टी काढून तिच्या टेबलावर, संगणकाच्या शेजारी ठेवली.

मुलांनो, साधने बदलतात. उतरते टेबल गेले, अमोनियाचा वास गेला, लाकडी ठोकळ्याचा माऊसही गेला, आणि आजचा माऊसही कधी काळी जाईल. परंतु डोळ्यांसमोर दिसते ती प्रिंट आणि जपून ठेवावयाचे ते मूळ, हा भेद ज्यास कळला, त्याच्या हातून कोणत्याही साधनाने चांगले काम होईल. चूक सर्वांच्याच हातून होते. ती प्रिंटवर झाकून न ठेवता मुळात जाऊन सुधारली, म्हणजे दुसऱ्या कोणावर विनाकारण बोल ऐकण्याची पाळी येत नाही.

प्रश्न

१. माऊस उचलून दूर ठेवला तरी पडद्यावरचा बाण जागचा का हलत नाही?
२. हात भरभर फिरविल्यास रेघेऐवजी सुटे ठिपके का उमटतात? त्यावरील उपाय सांगा.
३. चौकटीच्या वहीत १० घरे उजवीकडे आणि ४ घरे खाली जाणारी रेघ पाठात दिलेल्या युक्तीने काढा. दर पावलाची शिल्लक शेजारी लिहा.
४. पुढील गोष्टींची ट्रेसिंग व प्रिंट यांच्याशी जोडी लावा : पडदा, वही.
५. भोके पाडणाऱ्या कारागिराचा दोष नव्हता, असे का म्हणावयाचे? चूक नेमकी कोठे झाली होती, ते आपल्या शब्दांत लिहा.